लाइटची मंडई

आमच्या घरी बायकांना नावानं हाक मारायची पद्धत नव्हती. जी ज्या गावची, ती त्या गावाच्या नावानं. माझी मोठी जाऊ तिरोडावाली आणि मी आमगाववाली. लग्न होऊन गोंदियाजवळच्या मुर्रीत सात वर्षं झाली तरी माझं खरं नाव रेशनकार्डाखेरीज कुठं दिसत नव्हतं. त्याचं मला काही वाटत नसे. आमगाव माझं माहेर आहे, त्याच्या नावानं कोणी हाक मारली तर वाईट कशाला वाटेल?

मला जड जायचं ते भासऱ्यांचं प्रकरण. भासरा म्हणजे नवऱ्याचा मोठा भाऊ. सासरे माझ्या लग्नाआधीच गेलेले, त्यामुळे घरात शब्द चालायचा तो भासऱ्यांचा. आणि नेमकं त्यांच्याशीच मला बोलायचं नव्हतं. बोलायचं नाही, समोर जायचं नाही, ते अंगणात असले की डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढायचा, आणि चुकून धक्का लागला तर दोघांनीही अंघोळ करायची. लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी सासूबाईंनी हे सगळं मला एका दमात सांगितलं. मी तीन भावांत वाढलेली, तोंडानं फटकळ. पहिले सहा महिने तर मला वाटायचं, न बोललेलं सगळं माझ्या पोटात साचून एक दिवस मी फुटणार.

हळूहळू सवय झाली. ते अंगणात शिरण्याआधी दोनदा खाकरायचे. मी पाण्याचा पेला उंबऱ्यावर ठेवून बांगड्या वाजवायची. अगदीच काही सांगायचं असलं तर मी माझ्या मुलीला सांगायची, "मोठ्याबाबाले सांग, भात थंडा होऊन रायला." ते तीन हातांवर उभे असायचे, सगळं ऐकायचे आणि मुलीलाच उत्तर द्यायचे, "मायले सांग, आलो." हे सुरू झालं तेव्हा मुलगी चार महिन्यांची. तिच्या जन्माआधी आम्ही हे सगळं गाईला सांगायचो. सात वर्षांत मी त्यांचा चेहरा कधी नीट पाहिला नाही. पाय मात्र पाठ होते. भेगाळलेल्या टाचा आणि डाव्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख.

तर त्या हिवाळ्यात मला नोकरीची ऑर्डर आली. लग्नाआधी मी डी.एड. केलं होतं आणि ते कागद पेटीच्या तळाशी जपून ठेवले होते. अर्ज कधी केला होता ते मीच विसरून गेले होते. शाळा अर्जुनी मोरगाव तालुक्यात, आमच्याकडच्या प्रतापगड डोंगराच्या पायथ्याकडच्या एका खेड्यात. रोज जाऊन येणं शक्य नव्हतं. मुलीला घेऊन तिकडं खोली करून राहायचं आणि शनिवारी दुपारच्या गाडीनं घरी यायचं, असा माझा बेत होता. हजर व्हायला पंधरा दिवसांची मुदत होती. मुदत संपायची त्या सोमवारी गेले नाही तर जागा दुसऱ्या कोणाला जाणार होती.

ऑर्डर हातात धरून मी इतकी खूश झाले की चुलीवरचं दूध उतू गेलं तरी बघत राहिले. मग नवऱ्याला दाखवली. माझ्या नवऱ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान. माणूस सोन्यासारखा, पण भावासमोर भिजलेलं मांजर. तो म्हणाला, दादाला विचारावं लागेल. मी म्हटलं, मग विचारा. त्यानं विचारलं नाही. त्यानं सासूबाईंना सांगितलं. सासूबाईंनी तिरोडावालीला सांगितलं. आणि तिरोडावालीनं रात्री निजताना भासऱ्यांच्या कानावर घातलं. उत्तर त्याच रस्त्यानं परत आलं. "पाहू."

पाहू म्हणजे काय? अकरा दिवस पाहूच चाललं होतं. मी नवऱ्याला टोचायची, तो आईकडं बघायचा. भासरे तर आणखीच गप्प झालेले. ताटात अर्धा भात टाकून उठायचे, मुलीशीसुद्धा बोलेनासे झाले. मी मनाशी ठरवून टाकलं की या माणसाला माझं बरं झालेलं बघवत नाही. घरची सून मास्तरीण झाली तर याचा तोरा कमी होतो. मी भांडी आपटायला लागले. खरं सांगते, त्या अकरा दिवसांत मी त्यांचा जेवढा राग केला तेवढा आयुष्यात कोणाचा केला नाही.

त्यातच शहरात ते लाइटचं प्रदर्शन भरलं. गोंदियातली काही पोरं-पोरी नागपूरला चित्रकला शिकायला गेली होती, त्यांनी परत येऊन तळ्याजवळच्या मैदानावर तीन संध्याकाळी काहीतरी मांडलं होतं. भोंगा लावलेला ऑटो मुर्रीतून ओरडत गेला, "आइए, रोशनी से खेलिए!" ती लोडशेडिंगची वर्षं. आमच्याकडे दिवसाचे कितीतरी तास लाइट नसायची आणि संध्याकाळी स्वयंपाकाच्या ऐन वेळी हमखास जायची. भासरे अंगणात शेकत बसले होते, ते शेजाऱ्याला म्हणाले की इथं हंगामभर धानाला पाणी द्यायला मोटर चालली नाही आणि हे लोक लाइटची मंडई भरवून रायले.

मंडई हा शब्द त्यांनी रागानं वापरला, पण सासूबाईंनी तो उचलून धरला. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, लेकी-जावई येतात, रात्री नाटक होतं. मंडईला जायचं नाही असं कोणाच्या डोक्यातही येत नाही. सासूबाईंचं म्हणणं, मंडई आहे तर घरी बसायचं कशासाठी? नाटक आहे का, एवढंच त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर जरा हिरमुसल्या, पण जायचं ते ठरलंच.

शनिवारी संध्याकाळी आम्ही पायीच निघालो. सोमवार परवावर आला होता. चुरणं, म्हणजे मळणी, आटोपून धान घरात आलेलं, शेतातल्या बांध्या रिकाम्या, आणि थंडी अशी की बोलताना तोंडातून वाफ. पुढं बॅटरी घेऊन भासरे, त्यांच्या मागं सासूबाई, मग जाऊ तिच्या लहानग्या मुलाला घेऊन, मग माझा नवरा, आणि सगळ्यात शेवटी मी, मुलीचं बोट धरून. मी घरातूनच तोंड फुगवून निघाले होते. मुर्रीत अंधार आणि समोर शहराच्या अंगाला आभाळ उजळलेलं. मुलीनं विचारलं, तिकडं आग लागली का? मी म्हटलं, लागू दे.

पण मैदानात पाय ठेवला आणि माझा राग माझ्याच्यानं धरवेना. मी असं काही कधी पाहिलंच नव्हतं. मासे धरायच्या बांबूच्या मळ्या झाडांना टांगून आत दिवे सोडले होते आणि त्यांच्या जाळीदार सावल्या माणसांच्या अंगावर फिरत होत्या. एका ठिकाणी जमिनीवर फरश्या होत्या, पाय ठेवला की फरशी पेटायची, काढला की विझायची. पोरं त्यावर बेडकासारखी उड्या मारत होती. एका सायकलला चाकांऐवजी तारा जोडलेल्या, पायडल मारलं की समोरच्या मोराचा पिसारा एकेक पीस करून उजळायचा. माझा नवरा तिथं थांबला तो हलेना. त्यानं खाली वाकून साखळी तपासली आणि तिथल्या पोराला सांगितलं, तेल टाका, कडक चालून रायली. आणि जिकडंतिकडं पाट्या, "कृपया हात लावा." आजवर जिथं गेले तिथं हात लावू नका हेच वाचलं होतं.

सासूबाईंना आवडला तो भोंगा. पत्र्याचा मोठा भोंगा होता, त्यात तोंड घालून ओरडलं की बाजूच्या उंच बांबूवर दिवे चढत जायचे. जितका आवाज मोठा, तितके दिवे वर. राईस मिलमधली धट्टीकट्टी माणसं ओरडून गेली, दिवे निम्म्याच्या वर काही जाईनात. सासूबाईंनी पदर खोचला आणि चार बांध्यांपलीकडच्या माणसाला भाकरी खायला बोलवावं तशी हाळी दिली. दिवे सरसर करत शेंड्यावर गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. सासूबाई म्हणाल्या, यात काय मोठं, घरातल्या माणसांना रोजच बोलवावं लागते. पण त्यानंतर अर्धा तास त्या ज्याला त्याला बांबूचा शेंडा दाखवत होत्या. आम्ही गरम आलुबोंडे खाल्ले. मी हसत होते. नोकरीचं मी थोडा वेळ विसरले, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

मैदानाच्या टोकाला एक जुनं कडुनिंबाचं झाड होतं. त्याच्या फांद्यांना शेकडो छोट्या टोपल्या उलट्या टांगलेल्या, प्रत्येकीत दिवा. झाडासमोर दोन खांब, एकमेकांपासून बऱ्याच अंतरावर, दोन्हींवर तांब्याचा पत्रा. खेळ असा, की माणसांनी एकमेकांचे हात धरून या खांबापासून त्या खांबापर्यंत साखळी करायची. टोकाच्या दोघांनी पत्र्यावर हात ठेवायचा. साखळी पूर्ण झाली की झाड पेटायचं. एक जरी हात सुटला तरी अंधार. पुढं शहरातलं एक कुटुंब होतं. त्यांचे हात जुळले आणि झाड खालून वर असं हळूहळू उजळत गेलं. बघणाऱ्यांच्या माना त्याबरोबर वर गेल्या.

तिथली मुलगी हिंदी बोलणारी, स्वेटर घातलेली, फार गोड. भासऱ्यांनी तिला माझ्या मुलीमार्फत नव्हे, सरळच विचारलं की करंट लागते का. ती म्हणाली, "चाचाजी, बैटरी पर है, कुछ नहीं होगा." पण मोटरच्या स्टार्टरनं त्यांना एकदा चांगलं चार हात लांब फेकलं होतं. त्यांनी आधी हाताची उलटी बाजू पत्र्याला लावून पाहिली, मग मान डोलावली.

आता आम्ही उभं कसं राहायचं, हा प्रश्न. सासूबाईंनी लग्नाच्या पंगतीसारखी मांडणी केली. या खांबाला माझा नवरा, त्याच्याशेजारी आमची मुलगी, मग मी, मग तिरोडावाली, तिचा मुलगा, मग भासरे, आणि त्या खांबाला स्वतः सासूबाई. म्हणजे माझ्या आणि भासऱ्यांच्या मध्ये दोन माणसं. स्वेटरवाली मुलगी म्हणाली, कसंही उभे राहा ना. सासूबाईंनी जावेचा खांदा धरून तिला ठरलेल्या जागेवर उभं केलं.

सगळ्यांनी हात धरले, आणि तेवढ्यात जावेच्या मुलाला लघवी लागली. थांबवेना त्याला. जाऊ त्याला उचलून अंधाराकडं पळाली. मध्ये मोठी फट पडली. मागं रांग खोळंबलेली, लोक ओरडायला लागले, "चलो भाई, जल्दी करो." ती मुलगी म्हणाली, थोडं पसरा, पाच जणांत पोचेल. आम्ही पसरलो. आता माझ्या उजव्या हाताशी कोणी नव्हतं आणि त्यापुढं भासरे होते. सासूबाईंना ती म्हणाली, अम्मा, तुम्ही मध्ये या. पण त्या खांबावर हात ठेवायला सासूबाईंनी अर्धा तास रांग लावली होती, तो सोडायला त्या मुळीच तयार नव्हत्या.

मी पदराचं टोक पुढं केलं. भासऱ्यांनी दुसऱ्या टोकाला धरलं. झाड काळंच. स्वेटरवाली मुलगी म्हणाली, "कपड़े से नहीं होगा, हाथ पकड़िए." भासऱ्यांनी पदर हातातून सोडला. कोणी हलेना. माझा नवरा खांबाकडं बघत होता, जणू त्यावर काही लिहिलेलं आहे. आणि मला एकदम फार राग आला. अकरा दिवसांचा, सात वर्षांचा, सगळाच. काय होईल, अंघोळच करावी लागेल ना? मी हात पुढं केला. तो तसाच हवेत राहिला, किती वेळ ते मला सांगता येणार नाही. मग त्यांनी धरला. हात खरखरीत होता आणि थंडीनं गारठलेला.

झाड पेटलं.

पदर माझ्या डोक्यावरून केव्हाच घसरला होता. सावरायला हात मोकळा नव्हता. एका हातात मुलगी, दुसऱ्यात भासरे, आणि कुठलाही सोडला तर अंधार. म्हणून मी तशीच उभी राहिले आणि मान वळवून पाहिलं. सात वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचा चेहरा पाहिला. माझ्या नवऱ्यासारखाच, फक्त थकलेला. ते झाडाकडं बघत नव्हते, माझ्याकडं बघत होते.

"वेगळी कायले होऊन रायली तू?" ते म्हणाले.

ही त्यांनी माझ्याशी बोललेली पहिली गोष्ट. मला काही कळेना.

"कोन वेगळं होऊन रायलं जी?"

"तूच. धाकट्याले अन् पोरीले घेऊन अर्जुनीकडं. आमचं काई चुकलं काय?"

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. नवऱ्यानं घाबरत घाबरत आईला सांगितलं, आईनं जावेला, आणि या कानापासून त्या कानापर्यंत जाताना शाळा, ऑर्डर, शनिवारची गाडी, सगळं वाटेत गळून गेलं होतं. पोचलं ते एवढंच, की आमगाववालीला या घरात राहायचं नाही. ज्या माणसाला मी अकरा दिवस शिव्या घातल्या, तो घर फुटणार म्हणून जेवत नव्हता.

"नोकरी लागली जी मले," मी म्हटलं. "शाळेत. मी अन् पोरगी जाऊ, शनवारी घरी येऊ. हे इथंच राहतीन."

"मास्तरीन?"

"हो जी."

त्यांनी पलीकडं माझ्या नवऱ्याकडं पाहिलं, तो अजून खांबच वाचत होता. मग म्हणाले, "मंग मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमच्यासंगं बोलाचं नसते ना."

मी हे काही टोमणा म्हणून म्हटलं नव्हतं, खरोखरच तेवढंच कारण होतं. पण ते हसायला लागले. आधी नाकातून, मग मोठ्यानं, आणि मग मीही. सासूबाई त्या टोकावरून विचारत होत्या की काय झालं, कोण पडलं का. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते पुसायलाही हात मोकळा नव्हता. मागची माणसं आरडाओरडा करत होती. ते म्हणाले, "सोमवारची गाडी किती वाजताची?" मी सांगितली. ते म्हणाले, पोरीसाठी जाड गोधडी घे, तिकडं डोंगराच्या अंगाला थंडी जास्त असते. एवढं बोलणं होईपर्यंत झाड पेटलेलंच होतं.

शेवटी त्या स्वेटरवाल्या मुलीनं हात जोडले, की आता दुसऱ्यांना येऊ द्या. आम्ही हात सोडले, झाड विझलं, मी झटकन पदर घेतला. सासूबाई जवळ आल्या आणि तोंड बारीक करून म्हणाल्या की घरी गेल्यावर दोघांनाही डोक्यावरून पाणी घ्यावं लागेल, या थंडीत. भासरे म्हणाले, घेऊ ना, त्यात काय. जाऊ मुलाला घेऊन परत आली आणि तिचं राहून गेलं म्हणून रडकुंडीला आली. तिला कोणी काही सांगायच्या आत भासरे वळले आणि सरळ रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिले. आम्हीही मागोमाग गेलो.

आमची पाळी आली तशी सासूबाईंनी पुन्हा मांडणी सुरू केली, कोण कुठं, कोणाशेजारी कोण. जाऊ माझ्याशेजारी येत होती. भासऱ्यांनी तिला मुलासकट आपल्या पलीकडं केलं आणि माझ्या उजव्या बाजूला येऊन उभे राहिले. सासूबाईंचं तोंड उघडंच राहिलं. मी पदर नाकापर्यंत ओढून खाली पाहत होते. या वेळी हात त्यांनी आधी पुढं केला.